ग्राइंडर नंतर, आधी पार्ट नंबर

जुनी जपानी मोटरसायकल कॅफे रेसर करायला गॅरेजात आली की पहिलं हत्यार निघतं ते ग्राइंडर. फ्रेमचं मागचं टोक कापायचं, मडगार्डचे ब्रॅकेट उडवायचे, एअर फिल्टरचा डबा भंगारात टाकायचा आणि वर चपटी सीट ठोकायची. फोटो झकास येतात. दोन पावसाळे गेले की तीच गाडी 'अर्धवट प्रोजेक्ट' म्हणून विकायला निघते, कारण कापलेलं परत जुळत नाही आणि जुळवलेलं धड चालत नाही. गाडीचं रूप बदलण्याला हरकत नाही. हरकत आहे ती कारखान्यानेच आखून ठेवलेला सोपा आणि माघारी फिरता येईल असा रस्ता न बघता कापाकापी सुरू करण्याला. तो रस्ता पार्ट नंबरांत लिहिलेला असतो.

होंडाचंच घ्या. १९७२ मध्ये सीबी ३५० फोर आली. चार सिलिंडर, बोअर ४७ मिलिमीटर, स्ट्रोक ५०, एकूण ३४७ सीसी. इंजिन गोड, पण जोर बेताचा. त्यानंतरच्या १९७५ च्या सीबी ४०० फोरसाठी कंपनी कोऱ्या कागदापासून सुरू झाली नाही. स्ट्रोक तोच ठेवून बोअर ५१ केला, इंजिन ४०८ सीसीचं झालं. गिअर पाचाचे सहा केले, चार सायलेन्सर काढून चारही नळ्या सुबक वळवून एकाच सायलेन्सरात नेल्या, हँडल सपाट केलं. 'फॅक्टरी कॅफे रेसर' म्हणून संग्राहक आज जिच्यामागे धावतात ती ही गाडी म्हणजे होंडाने घरातल्या सामानातून केलेलं कस्टमायझेशनच. तिचं पार्ट बुक चाळताना ३३३ हा आकडा वारंवार भेटतो. ३३३ हा ३५० फोरचा मॉडेल कोड, तर ४०० फोरचा स्वतःचा कोड ३७७.

होंडाच्या त्या काळच्या नंबराचे तीन तुकडे असतात. पहिले पाच अंक पार्ट कोणता ते सांगतात: १२१०० म्हणजे सिलिंडर ब्लॉक, १३१०१ म्हणजे स्टँडर्ड मापाचा पिस्टन, २२२०१ म्हणजे क्लच प्लेट. मधले तीन अंक सांगतात की तो पार्ट मुळात कोणत्या मॉडेलसाठी काढला होता. शेवटचे तीन आवृत्तीचे किंवा रंगाचे. सीबी ५५० चा कोड ३७४. तिच्या पुस्तकात एखाद्या ओळीत मध्ये ३२३ दिसला तर तो पार्ट ५०० फोरमधून जसाच्या तसा आलेला आहे, ३०० दिसला तर ७५० मधून. ज्याला हे वाचता येतं त्याला एका गाडीचा पार्ट शोधायला तीन गाड्यांचं भंगार खुलं होतं.

यामाहाची रीत उलटी. तिथे मॉडेल आधी येतं आणि पार्ट नंतर. आरडी ४०० चा कोड १ए०, पाण्याने थंड होणाऱ्या आरडी ३५० एलसीचा ४एल०, एक्सएस ६५० च्या पहिल्या अवताराचा २५६ आणि पुढच्यांपैकी एकाचा ४४७. मधले पाच अंक ११६३१ असले की स्टँडर्ड पिस्टन, मग गाडी कोणतीही असो. सुझुकीतही पार्टचा अंक पुढे आणि मॉडेलचा मागे. कावासाकीवाल्यांचं मात्र कठीण आहे. तिथे पार्टच्या जातीनंतर नुसता क्रमांक येतो, त्यातून गाडी कोणती ते काही कळत नाही. म्हणून जुन्या कावासाकीच्या माणसाला पुस्तकं शेजारी शेजारी उघडून नंबर जुळवत बसावं लागतं.

यात जपानी कारखान्यांचा दिलदारपणा नव्हता, शुद्ध काटकसर होती. अमेरिकेच्या बाजारात दरवर्षी नवं काही दाखवायचं, पण प्रत्येक गाडीसाठी नवी डाय पाडायची नाही. त्यातून होंडाच्या दोन सिलिंडरांच्या एकाच ३५० इंजिनावर रस्त्याची सीबी, स्क्रँबलर सीएल आणि कच्च्या वाटांची एसएल अशा तीन गाड्या उभ्या राहिल्या. यामाहा एक्सएस ६५० चं ७५ बाय ७४ चं इंजिन १९६० च्या दशकाच्या शेवटी आलं आणि १९८० चं दशक उजाडलं तरी विकलं जात होतं. दीड दशक एकच मूळ रचना टिकली की पार्टचा साठाही तेवढाच खोल होतो. आज जगभर एक्सएस ६५० चे चॉपर आणि ट्रॅकर दिसतात, त्यांतली निम्मी कारागिरी या साठ्याची आहे. केनी रॉबर्ट्सने १९७३ आणि १९७४ मध्ये अमेरिकेचं ग्रँड नॅशनल विजेतेपद मिळवलं तेव्हा मातीच्या गोल ट्रॅकवर त्याच्याखाली याच वंशाचं यामाहा इंजिन होतं. कस्टम म्हणजे बिघडवणंच, असं म्हणणाऱ्यांनी ही गाडी लक्षात ठेवावी.

पण मॉडेलचं नाव एक म्हणजे पार्ट एक, असं समजणारा हमखास फसतो. एक्सएस ६५० च्या पुढच्या फोर्कच्या नळ्या १९७६ पर्यंत ३४ मिलिमीटरच्या होत्या आणि १९७७ पासून ३५ च्या. एका मिलिमीटरचा फरक, गाडीवरचं नाव तेच, आणि फोर्कच्या नळ्या धरणारी टी मागवली तर ती नळीवर सरकत नाही. सीबी ४०० फोरची गंमत आणखी वेगळी. जपानात ४०० सीसीच्या लायसन्सची हद्द आखली गेली तेव्हा होंडाने त्याच नावाची ३९८ सीसीची गाडी काढली, बोअर ५१ च ठेवून स्ट्रोक ४८.८ वर आणला. म्हणजे वरून तंतोतंत सारख्या दोन गाड्या आणि आत वेगळे क्रँक. जपानहून 'सीबी ४०० फोरचं इंजिन' मागवणाऱ्याने आधी सीसी विचारावं हे बरं.

याहून छुपा सापळा कार्बोरेटरमध्ये असतो. मिकुनीच्या मेन जेटवरचा आकडा त्यातून मिनिटाला किती पेट्रोल वाहतं यावर ठरतो, तर केहिनचा आकडा भोकाच्या व्यासावर. दोन्हींवर ११० लिहिलेलं असलं तरी दोन्ही जेट सारखे नव्हेत. टू-स्ट्रोकमध्ये जेट लहान पडला तर मिश्रण पातळ होतं आणि पिस्टनला भोक पडतं. दोष मग 'लोकल पिस्टन'वर ढकलला जातो.

मापं सारखी असूनही पार्ट न बसण्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण यामाहाच्या ३५० घराण्यातलं आहे. १९७० ची आर५, १९७३ ची हवेने थंड होणारी आरडी ३५०, १९८० ची एलसी, सगळ्यांचा बोअर ६४ आणि स्ट्रोक ५४, सगळ्या ३४७ सीसीच्या. तरी आरडीच्या केसवर एलसीचा ब्लॉक आपोआप बसत नाही, दोघींच्या वरच्या भागाची रचनाच वेगळी. आणि याच घराण्याने एक अजब वारसदार दिला. अमेरिकेत आरझेड ३५० नावाने विकलेल्या या इंजिनाला यामाहाने १९८७ मध्ये बॅन्शी या चार चाकी वाहनात घातलं. वाळूच्या टेकड्यांवर उधळायची ती गाडी अमेरिकेत २००६ पर्यंत विकली गेली. रस्त्यावरचे टू-स्ट्रोक धुराच्या नियमांमुळे कधीच गेले होते, पण वाळूत उड्या मारणाऱ्यांनी क्रँक, रीड व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची मागणी जिवंत ठेवली. एलसी दुरुस्त करणारे आज त्या बाजारावर जगतात. कंपनीने हे ठरवून केलेलं नव्हतं, त्यामुळे ते कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात सापडत नाही. बोअर-स्ट्रोकचे आकडे ताडून पाहणाऱ्यालाच ते दिसतं.

काही पार्ट तर मोटरसायकलचे नसतातच. चाकातली ६२०४ ची बेअरिंग जगात कुठेही २० बाय ४७ बाय १४ मिलिमीटरचीच असते, मग ती जपानी असो की चिंचवडच्या कारखान्यात तयार झालेली. शेवटचे दोन अंक पाचाने गुणले की शाफ्टचा व्यास मिळतो, हे टर्नरला पाठ असतं. फक्त बारीक बेअरिंगना हा गुणाकार लागू पडत नाही, ६२०३ चा व्यास १५ नसून १७ आहे. चेनचंही तसंच. ४२८ मधला ४ म्हणजे चार-अष्टमांश इंच, ५३० मधला ५ म्हणजे पाच-अष्टमांश. मोटरसायकलच्या दुकानात 'मिळत नाही' असं उत्तर आलेली वस्तू पुष्कळदा शेजारच्या बेअरिंगच्या दुकानात मापावर मिळते.

स्क्रूचं प्रकरण मात्र नीट सांगितलं पाहिजे, कारण सगळ्यात जास्त नासधूस तिथेच होते. जुन्या जपानी इंजिनाच्या साइड कव्हरचे फुलीच्या डोक्याचे स्क्रू जपानी मानकाचे असतात. आपल्याकडचा नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण पूर्ण खोल जात नाही. जोर दिला की तो वर उचलला जातो आणि खाच गोल होते. मग छिन्नी, मग हातोडी, मग ड्रिल. जपानी मानकाचा स्क्रूड्रायव्हर आणला तर यातलं काहीच लागत नाही. त्याहून जुन्या गाड्यांत आट्यांचा घोळ असतो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी उद्योग आंतरराष्ट्रीय मेट्रिक आट्यांकडे वळला. त्याआधी ५ मिलिमीटरच्या स्क्रूची आटी ०.९ ची होती, नंतर ०.८ ची झाली. ४ मिलिमीटरचा ०.७५ वरून ०.७ वर आला, ३ चा ०.६ वरून ०.५ वर. नवा स्क्रू जुन्या भोकात दोन आटे छान फिरतो, तिसऱ्याला अडतो आणि चौथ्याला अॅल्युमिनिअम घेऊन बाहेर येतो.

आता हे सगळं महाराष्ट्रात कुठे लागतं? विंटेज जपानी गाडी म्हटलं की कॅलिफोर्नियातली सीबी ७५० डोळ्यांपुढे येते, पण आपल्याकडच्या जपानी गाड्या १९८० च्या दशकात इथेच तयार झाल्या. एस्कॉर्ट्सची राजदूत ३५० १९८३ ची, इंड-सुझुकी एएक्स १०० १९८४ ची, यामाहा आरएक्स १०० आणि हीरो होंडा सीडी १०० १९८५ च्या, आणि कावासाकी बजाज केबी १०० त्याच्या पुढच्या वर्षीची. यांतल्या कोणाचं आयुष्य किती वाढलं हे बहुतेक पार्टच्या नात्यांनी ठरवलं. सीडी १०० चं ९७.२ सीसीचं आडवं इंजिन सुपर कबच्या घराण्यातलं, ५० बोअर, ४९.५ स्ट्रोक. तेच पुढे स्प्लेंडरमध्ये गेलं आणि लाखोंनी विकलं गेलं, त्यामुळे सीडी १०० वाल्याला इंजिनाच्या सामानाची कधी ददात पडली नाही. एएक्स १०० चं रक्त टीव्हीएसच्या सामुराई आणि मॅक्समध्ये उतरलं. केबी १०० च्या वाट्याला असा मोठा गोतावळा आला नाही. चांगली गाडी होती, पण आज तिचं सामान गोळा करणं म्हणजे चिकाटीचं काम.

आरएक्स १०० चा विषय निघाला की पुण्याच्या नाना पेठेतल्या काउंटरवर आवाज चढतो. बोअर ५०, स्ट्रोक ५०, ९८ सीसी. आरएक्स १३५ चा बोअर ५८, स्ट्रोक पुन्हा ५०, सीसी १३२. इंडोनेशियात पंचवीसेक वर्षं विकली गेलेली आरएक्स-किंगही ५८ बाय ५०. हे तीन आकडे शेजारी ठेवले की '१३५ चा ब्लॉक १०० वर' हा प्रकार इतका लोकप्रिय का ते कळतं: क्रँकची फेक तीच आहे. तरी ब्लॉकच्या स्कर्टला केसचं तोंड पुरतं का, पोर्ट जुळतात का, जेट कोणता, हे व्हर्नियर लावून पाहावंच लागतं. पाहणारे मिस्त्री आहेत. पण त्यांचं ज्ञान त्यांच्या डोक्यात आहे, आणि ते डोकं निवृत्त झालं की ज्ञानही जातं.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे मॉडर्न पुढचं टोक बसवण्याची हौस. परदेशात जुन्या सीबी किंवा एक्सएसला सुझुकी जीएसएक्स-आरचे उलटे फोर्क लावतात, आपल्याकडे आरएक्सला पल्सर किंवा एफझेडचे. स्टिअरिंगच्या बेअरिंगचं, म्हणजे कोनसेटचं, गणित सुटू शकतं. बेअरिंग कंपन्यांचे तक्ते मिळतात, किंवा जुन्या टीचा दांडा काढून नव्या टीत दाबून बसवता येतो. खरा प्रश्न उंचीचा असतो. नवे फोर्क सहसा आखूड असतात, गाडी पुढून झुकते, स्टिअरिंगचा कोन उभा होतो आणि चाळीस वर्षांपूर्वी आखलेली फ्रेम वेगात डोकं हलवू लागते. डिस्क ब्रेक मिळाला म्हणून गाडी सुरक्षित झाली, असं मानणं भाबडेपणाचं आहे. मूळ जपानी आरडीला पुढे डिस्क होता, तिच्या भारतीय अवताराला, म्हणजे राजदूत ३५० ला, ड्रम दिला गेला. तिथे डिस्क हवाच असेल तर परक्या गाडीचा आणण्याआधी त्याच घराण्यातला शोधणं शहाणपणाचं, कारण त्याची लांबी आणि कोन त्याच जातीच्या फ्रेमसाठी ठरलेले असतात. महाग पडेल, वेळ लागेल. पण वेल्डिंग लागणार नाही.

कायद्याची बाजूही इथेच येते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी घट्ट केलं. ९८ सीसीच्या आरसी बुकावर १३२ सीसीची गाडी चालवणं याला उघडच बाधक आहे. पोलिसांची कारवाई मात्र बहुतेक सायलेन्सरच्या आवाजावर थांबते. त्यामुळे एका टोकाला गाडीचा सांगाडा कापणारा सुटतो आणि दुसऱ्या टोकाला त्याच कंपनीचा, त्याच मापाचा, फक्त दुसऱ्या मॉडेलच्या डब्यातून आलेला पार्ट लावणारा उगाच धास्तावतो. या दोघांत फरक आहे आणि परिवहन खात्याने तो लेखी मान्य केला पाहिजे. पार्ट नंबर एकच असेल किंवा कंपनीनेच जुन्या नंबराच्या जागी नवा दिला असेल, तर तो 'बदल' नाही, दुरुस्ती आहे.

जुलै २०२१ च्या विंटेज वाहन नियमांकडे तर कस्टमवाल्यांचं लक्षच नाही. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली दुचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे. राजदूत ३५० ला पन्नास वर्षं होणार २०३३ मध्ये, आरएक्स १०० ला २०३५ मध्ये. आज ज्यांची मागची फ्रेम कापली जाते त्या गाड्या त्या रांगेत उभ्याच राहू शकणार नाहीत. उलट बोल्टने लावलेली सीट, बदललेलं हँडल, घराण्यातलाच दुसरा फोर्क, हे सगळं एका रविवारी काढून मूळ सामान चढवता येतं, मात्र ते मूळ सामान जपून ठेवलेलं असलं पाहिजे. काढलेला एकही ब्रॅकेट विकू नये, हा नियम प्रत्येक मालकाने गॅरेजवाल्याला आधी सांगावा. गॅरेजवाल्यालाच दोष देऊन भागत नाही. फोटो बघून 'असंच पाहिजे आणि पंधरा दिवसांत पाहिजे' म्हणणारं गिऱ्हाईक असलं की पार्ट बुक उघडायला सवड कोणाला?

आता कंपन्या. अमेरिकेत मोटारींसाठी कोणता पार्ट कोणत्या गाडीला चालतो हे सांगणारी हॉलंडरची पुस्तकं १९३४ पासून निघत आली, भंगारवाल्यांचा अख्खा धंदा त्यांवर उभा राहिला. तिथल्या होंडा-यामाहाच्या डीलरांकडे १९७० च्या दशकातल्या गाड्यांच्याही सुट्या पार्टांच्या आकृत्या नंबरांसह पाहता येतात. कावासाकीने तर काही वर्षांपूर्वी १९७२ च्या झेड१ चं सिलिंडर हेड पुन्हा ओतून विकायला काढलं, आणि ओकायामाची डोरेमी कलेक्शन ही छोटी कंपनी त्याच गाडीचे इतर पार्ट करते. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीचं हेड नव्याने ओतणं परवडतं, कारण ते किती गाड्यांना चालेल हे आधी माहीत असतं. कोल्हापुरात शिरोली आणि गोकुळ शिरगावला ओतकाम करणारे तयार आहेत. त्यांना हवी ती मापं आणि ड्रॉइंगं.

ज्या गाड्या बंद होऊन पंचवीस-तीस वर्षं झाली त्यांची पार्ट बुकं गुप्त ठेवून आकुर्डी, फरिदाबाद किंवा होसूरमधल्या कंपन्यांपैकी कोणाचा नफा वाढणार आहे? केबी १००, राजदूत ३५०, एएक्स १०० आणि आरएक्स १०० यांची पुस्तकं, जुन्या नंबराचा नवा नंबर काय झाला याच्या यादीसह, कंपन्यांनी खुली करावीत. त्यात नसलेलं मिस्त्रींकडून टिपून घ्यावं लागेल, आणि ते काम आयटीआयच्या मोटर मेकॅनिक वर्गाला सहज जमेल. एका ओळीत चार गोष्टी पुरतात: पार्ट कोणत्या गाडीचा, नंबर काय, कशावर बसवला, बसवताना काय घासावं किंवा बुश करावं लागलं. आरएक्स-किंगचा कोणता पार्ट आपल्या १३५ ला जसाच्या तसा चालतो, ही पहिली नोंद करायला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.